अधिक २८

गोळ्या उष्ण-दमट चेंबरमध्ये ठेवून तपासतात त्या स्टॅबिलिटी चाचणीत, सहाव्या महिन्याच्या गोळ्यांत, एचपीएलसीच्या (कॉलम नावाच्या नळीतून घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर आरआरटी १.४२ ला, म्हणजे मुख्य औषधाच्या १.४२ पट वेळेला, एक अनोळखी पीक, म्हणजे उंचवटा, आला, ०.३१ टक्के. मुख्य औषध १४ मिनिटांना येतं, म्हणजे हा साधारण २० मिनिटांना. चेंबर ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचा. बॅच आत ठेवली तेव्हा त्या जागी बेसलाइन सपाट होती, तिसऱ्या महिन्याला ०.१४ होतं आणि आता हे. आमच्याकडे जेवढ्या इम्प्युरिटींची (अशुद्धींची) स्टँडर्ड्स, म्हणजे ओळखीचे शुद्ध नमुने, होती, त्यांतली एकही त्या जागी येत नव्हती.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहान औषध कंपनीत अ‍ॅनालिटिकल विभागात आहे. गोळ्या निर्यातीसाठीच्या, अजून नोंदणीच्या टप्प्यावरच्या. औषधाचं नाव लिहिणार नाही, करारात बसत नाही. पण दोन गोष्टी सांगाव्याच लागतील. ते दुय्यम अमाईन आहे, म्हणजे त्याच्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन मोकळा आहे. आणि दिवसाचा जास्तीत जास्त डोस २० मिलिग्रॅम.

डोस का महत्त्वाचा, तर आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू३बी मार्गदर्शिकेतले उंबरठे त्यावर ठरतात. आमच्या डोसला ०.१ टक्क्यावर गेलेली अशुद्धी अहवालात दाखवायची, ०.२ च्या वर गेली की ती कोण हे शोधायचं, आणि ०.५ च्या वर गेली तर ती निर्धोक आहे हे विषशास्त्राच्या पुराव्यानं दाखवायचं. आमचा पीक मधल्या पायरीवर होता. ‘अनोळखी’ असा शेरा मारून फाइल मिटायची सोय नव्हती.

पहिला संशय स्वतःच्या प्रयोगशाळेवर घ्यायचा असतो. ब्लँक, म्हणजे गोळी न घातलेलं नुसतं द्रावण, मारला, स्वच्छ. प्लासिबो, म्हणजे औषध सोडून गोळीतलं बाकी सगळं, तेही त्या जागी स्वच्छ. नायलॉनचा फिल्टर काढून पीव्हीडीएफ लावला, कारण नायलॉन फिल्टर स्वतःचंच काहीबाही सोडतात आणि माणसं ते औषधाच्या नावावर टाकतात. वायल बदलली, कॉलम बदलला. पीक जागचा हलला नाही. हे सगळं लेखी परवानगी घेऊन, एकेक कारण नोंदवून करायचं. मनासारखा आकडा येईपर्यंत इंजेक्शनं मारत बसण्याचे दिवस गेले, प्रत्येक क्लिक ऑडिट ट्रेलमध्ये पडते. गेले ते बरंच झालं.

मग पीडीए डिटेक्टरवर त्याचा यूव्ही स्पेक्ट्रम, म्हणजे तो कोणता प्रकाश किती शोषतो त्याची रेघ, काढला आणि औषधाच्या स्पेक्ट्रमवर ठेवला. रेघेवर रेघ बसली. औषधाची जी बाजू प्रकाश शोषते ती या पाहुण्यातही शाबूत होती, म्हणजे हा बाहेरचा नव्हे, घरचाच, कुठेतरी दुसऱ्या टोकाला बदललेला. आणखी एक गोष्ट आमच्या ज्युनिअर मुलानं दाखवली. पीक मोठा करून बघितला तर पुढच्या अंगाला खांदा होता. “ताई, हे दोन हायत बघा, एक न्हवं,” तो म्हणाला. कवठेमहांकाळचा आहे, नजर चांगली आहे.

त्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये मात्र निकाल लागल्यातच जमा होता. कच्चं औषध पुरवणाऱ्याचीच ही घाण असणार, असं उत्पादन विभागाचं मत. त्यांना धाडायचं पत्रही टाइप झालं होतं. मी एवढंच म्हटलं की त्याच लॉटचं कच्चं औषध त्याच चेंबरमध्ये तितकेच महिने ठेवलेलं आहे आणि त्यात हा पीक नाही. शिवाय पुरवठादाराकडून आलेली अशुद्धी पहिल्या दिवशी दिसली असती आणि तेवढीच राहिली असती. ही वाढते आहे. वाढणारी अशुद्धी गोळीतच जन्मते. सरांनी पत्र थांबवायला सांगितलं, पण रद्द केलं नाही.

फोर्स्ड डिग्रेडेशन, म्हणजे औषध मुद्दाम बिघडवून बघणं, आधीच झालेलं होतं, ते पुन्हा काढून वाचलं. हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, कोरडी उष्णता, आणि १२ लाख लक्स-तास प्रकाश. औषध एकटं असताना यातल्या कशानंही १.४२ चा पीक येत नव्हता. पेरॉक्साइडनं भलतेच तीन पीक काढले होते, हा नाही. पण गोळ्यांची पूड करून तीच उष्णता दिली की हजर. म्हणजे औषधाला जोडीदार लागतो. गोळ्यांच्या पट्टीचा (पॅकिंगचा) डेटाही तेच सुचवत होता. अ‍ॅल्यु-अ‍ॅल्युमध्ये (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा) वाढ संथ, पीव्हीसीच्या पट्टीत वेगानं. पीव्हीसीतून ओल शिरते. जोडीदार होता, ओल होती, आणि औषधाच्या अंगावर एक मोकळा हायड्रोजन होता. इथवर मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे रेणूचं वजन सांगणाऱ्या यंत्राचं, नावही काढलेलं नव्हतं.

आणि ते मुद्दामच. अनोळखी पीक दिसला रे दिसला की नमुना एलसी-एमएसला (एचपीएलसीला जोडलेल्या मासला) पाठवायचा, आकडा आला की कागदावर रचना काढायची आणि सही करायची, ही पद्धत मला पटत नाही. मास वजन सांगतो. एकाच वजनाचे चार जण असू शकतात.

पाठवायचं तर तसंही लगेच जमणार नव्हतं. आमची पद्धत फॉस्फेट बफरवर, पीएच ३, त्यात ट्रायइथाइल अमाईन. एचपीएलसीला हे मिश्रण झकास चालतं, पण फॉस्फेट उडून जात नाही, मासच्या तोंडाशी त्याचा थर बसतो. ट्रायइथाइल अमाईन तर एकदा आत गेलं की कित्येक दिवस १०२ ला आपली पाटी लावून बसतं. कोणतीही बाहेरची लॅब असा मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, आपल्या यंत्राला लावू देणार नाही. तेव्हा उडून जाणारा बफर हवा. अमोनियम फॉर्मेट आणि फॉर्मिक आम्ल, पीएच तोच ३.

बफर बदलला की सगळे पीक आपापल्या जागा सोडतात आणि आपला कोणता हे कळेनासं होतं. म्हणून आधी त्या पिकानं भरलेला नमुना तयार केला. गोळ्यांची पूड थोडी ओलसर करून ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली, पीक चार टक्क्यांपर्यंत चढला. आता नव्या बफरमध्ये ताजी गोळी एका रनमध्ये आणि हा नमुना दुसऱ्या रनमध्ये मारला, फरक कुठे पडतो ते बघितलं आणि यूव्ही स्पेक्ट्रम जुळवला. ट्रायइथाइल अमाईन काढल्यामुळे औषधाच्या मुख्य पिकाला शेपूट फुटलं; सिलिकाच्या उरलेल्या आम्लधर्मी जागांना अमाईन चिकटतं, ते टाळायला तर आपण ट्रायइथाइल अमाईन घालत असतो. पण आमचा अनोळखी पीक पूर्वीइतकाच सरळ. शेपूट नाही. त्याला कुणीच पकडत नव्हतं.

हे मनात घर करून राहिलं. अमाईन असता तर यालाही शेपूट फुटायला हवं होतं. मग पीएच १० सहन करणारा हायब्रिड कॉलम काढला, अमोनियम बायकार्बोनेटमध्ये अमोनिया घालून बफर पीएच १० ला नेला आणि तोच नमुना मारला. मुख्य पीक कितीतरी उशिरा आला. आम्लात अमाईनवर प्रोटॉन बसलेला असतो, रेणूवर भार असतो, तो पाण्याकडे ओढला जातो आणि कॉलममधून लवकर निघतो. अल्कलीत बऱ्याच रेणूंवरचा तो भार जातो आणि मग कॉलमचं तेलकट अंग त्यांना धरून ठेवतं. अनोळखी पीक मात्र जवळपास आपल्या जुन्याच वेळेला आला. क्रम उलटला, तो आता मुख्य पिकाच्या आधी होता. पीएच ३ असो की १०, त्याला फरकच पडत नव्हता. म्हणजे त्याच्या नायट्रोजनला प्रोटॉन घेताच येत नव्हता. मोकळ्या हायड्रोजनच्या जागी असं काहीतरी येऊन बसलं होतं की ज्यानं नायट्रोजनचा अमाईनपणाच काढून घेतला.

त्या रात्री मी सिक्वेन्स (इंजेक्शनांची रांग) लावून घरी गेले नाही. विश्रामबागेत राहते, तसं लांब नाही, पण बाहेर वळवाचा पाऊस होता आणि दोनदा लाइट गेलेली. यूपीएस पंपाला पुरतो, कॉलम ओव्हनला आणि एसीला नाही. मग बसलेच आहे तर म्हणून खांद्याचं प्रकरण हातात घेतलं.

पद्धतीत कॉलमचं तापमान २५ अंश लिहिलेलं होतं. लाइट आल्यावर ओव्हन ५० वर नेला. खांदा नाहीसा झाला, एकच सुबक पीक. पुन्हा २५, खांदा परत. दोन वेगळे पदार्थ असते तर ते तापवल्यानं थोडे सरकले असते, एकमेकांत विरघळले नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी एक जुनी युक्ती केली. २५ अंशांवर फक्त खांद्याचा भाग निघताना तेवढा द्रव वेगळ्या वायलमध्ये धरला, तासाभरानं तोच पुन्हा इंजेक्ट केला. खांदाही आला आणि मागचा पीकही आला. म्हणजे एकच पदार्थ, दोन ठेवणींत, आणि मिनिटामिनिटांत एकीतून दुसरीत जाणारा. त्या पोराचं म्हणणं अर्धं खरं निघालं.

नायट्रोजनवर प्रोटॉन न घेणारं आणि दोन ठेवणींत अडखळत फिरणारं काय असतं, हे बीएस्सीच्या पोरालाही सुचेल. अमाइड. नायट्रोजन आणि कार्बोनिल यांच्यातला बंध अर्धवट दुहेरी असतो, सहज फिरत नाही. मी वहीत ‘अमाइड?’ असं लिहून तारीख टाकली.

मग मास. आमच्याकडे ते यंत्र नाही, कोटीच्या घरातली गोष्ट आहे. पुण्यातल्या एका खाजगी प्रयोगशाळेशी ठरवलं. नमुना थर्माकोलच्या डब्यात घालून मिरजेहून रेल्वेनं आमचाच माणूस घेऊन गेला, कारण कुरिअरवाल्याला ‘२ ते ८ अंश’ म्हणजे काय हे समजावण्यात माझा कधीच जय झालेला नाही. सोबत कॉलमही आमचा आणि बफर कसा करायचा याचा कागदही.

संध्याकाळी फोनवर आकडा आला. औषधापेक्षा २८ जास्त. त्याच्या वर २२ वर सोडियमची जोड दिसत होती, म्हणजे हाच खरा रेणूचा पीक, त्याचा तुकडा नव्हे.

२८ ऐकताच आमच्या क्यूए (गुणवत्ता हमी) मॅडमचा चेहरा उतरला. “नायट्रोसो तर नाही ना?” हा प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता. जुलै २०१८ मध्ये रक्तदाबावरच्या व्हॅल्सार्टनमध्ये एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक नायट्रोसामाइन सापडल्याचं बाहेर आलं आणि देशोदेशी बॅचेस परत मागवल्या गेल्या. तेव्हापासून दुय्यम अमाईन दिसलं की आधी नायट्रोसामाइन आठवतं. गोळीतल्या घटकांत नायट्राइटचे अंश असतात, दुय्यम अमाईन ते उचलतं. पण हिशोब बघा. हायड्रोजन जाऊन तिथे नायट्रोसो बसला तर एक वजा आणि तीस अधिक, म्हणजे २९. आपलं २८. एका एककाचा फरक साध्या क्वाड्रुपोलवरही कळतो. दुसरं म्हणजे नायट्रोसामाइनची भीती नॅनोग्रॅमची असते. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. ते यूव्हीवर ०.३१ टक्क्याचा डोंगर बनून येत नाही, त्याची चाचणी वेगळी आणि ती आमची वेगळी चालूच होती. मॅडमनी तरीही हा हिशोब लेखी मागितला. बरोबर केलं.

२८ चे दावेदार मुख्यतः दोन. हायड्रोजनच्या जागी इथाइल (दोन कार्बन, पाच हायड्रोजन) बसला तर २८ वाढतात, फॉर्माइल (कार्बोनिल आणि त्यावर एक हायड्रोजन) बसला तरी २८. उत्पादन विभागाला इथाइल फार आवडला. पुरवठादाराच्या प्रक्रियेत कुठेतरी इथाइलचं काही वापरत असतील, म्हणजे पत्र अजून जिवंत. पण इथाइल लागल्यानं अमाईन अमाईनच राहतं, आम्लारिधर्मीच राहतं. ते पीएच १० ला मुख्य पिकाबरोबरच पुढे सरकलं असतं, त्याला शेपूट फुटलं असतं, आणि खांद्याचा तर प्रश्नच नव्हता. फॉर्माइल लागला तर मात्र नायट्रोजनचा अमाइड होतो. वहीतलं प्रश्नचिन्ह मी खोडलं नाही, पण लहान केलं.

पुण्यात हाय रिझोल्यूशनवर तोच नमुना मारून घेतला. इथाइलची भर अचूक मोजली तर २८.०३१३, फॉर्माइलची २७.९९४९. फरक ०.०३६४. तीनशेच्या घरातल्या रेणूला हा फरक शंभर पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भागांच्या) आसपास येतो आणि ते यंत्र पाच पीपीएमच्या आत मोजतं, म्हणजे शंकेला जागाच नाही. आकडा फॉर्माइलच्या बाजूनं आला. मासमध्ये रेणूचे तुकडे केले तेव्हा प्रकाश शोषणाऱ्या रिंगच्या बाजूचा तुकडा औषधासारखाच निघाला, अमाईनच्या बाजूचा तुकडा २८ नं जड. यूव्ही स्पेक्ट्रमनं सुरुवातीला जे सांगितलं होतं तेच.

यावर आमच्या सरांनी एक चांगला आडवा प्रश्न टाकला. मोबाइल फेजमध्ये तुम्ही फॉर्मिक आम्ल घातलंत आणि फॉर्माइल मिळाला. मग तो तुम्हीच केला नाहीत कशावरून? उत्तर सोपं होतं, पहिल्यांदा पीक दिसला तो फॉस्फेटमध्ये, फॉर्मिक आम्लाचा थेंब नसताना. पण हा प्रश्न विचारला जायलाच हवा, आणि तो अहवालात उत्तरासकट घातला.

आता फॉर्माइल आला कुठून? गोळीत लॅक्टोज, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, क्रॉसकार्मेलोज सोडियम, मॅग्नेशियम स्टिअरेट आणि वर पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेलं कोटिंग. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हवेनं जुनं होताना फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल सोडतं, तेव्हा माझा पहिला रोख कोटिंगवर. औषध आणि एकेक घटक अशा जोड्या वायल्समध्ये भरल्या, थोडं पाणी, ६० अंश.

बाकीच्या वायल्स पांढऱ्याच राहिल्या. लॅक्टोजची आधी पिवळट आणि मग तपकिरी पडली. “मॅडम, ह्यो पेढाच झालाय की ओ,” वायल्स धुणारे मामा म्हणाले, आणि रसायनाच्या दृष्टीनं त्यांचं अगदी बरोबर होतं. साताऱ्याचा कंदी पेढा भाजताना जो रंग धरतो तो दुधातली साखर आणि प्रथिनांतली अमाईनं यांच्यातल्या मेलार्ड प्रतिक्रियेचाच, आणि दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. लुई कामिल मेलार्डनं ती १९१२ साली मांडली. आमच्या वायलमध्ये साखर तीच होती, फक्त प्रथिनाच्या जागी औषध होतं.

१.४२ चा पीक लॅक्टोजच्या वायलमध्ये भरघोस होता. लॅक्टोजबरोबर मॅग्नेशियम स्टिअरेट घातलेल्या वायलमध्ये त्याहून जास्त, कारण ते औषधाच्या क्षाराला (सॉल्टला) अंशतः मोकळ्या अमाईनमध्ये उतरवतं आणि प्रतिक्रियेला मोकळं अमाईनच लागतं. कोटिंगच्या वायलमध्ये जेमतेम मागमूस. नक्की करायला लॅक्टोजच्या वायलचा नमुना पुन्हा मासला पाठवला. मी तिथल्या मुलीला फोनवर सांगून ठेवलं होतं की मुख्य पिकाच्या आधीचा भाग नीट बघ, औषधापेक्षा ३२४ जास्त असं काही दिसतं का. लॅक्टोज ३४२, जोडणीत पाण्याचा एक रेणू जातो, १८ वजा, राहिले ३२४. दिसलं. लॅक्टोज जोडलेलं औषध, साखरेमुळे पाण्याकडे झुकणारं, म्हणून लवकर येणारं. पुढे ही जोडणी मोडते आणि तिच्या मोडतोडीत नायट्रोजनवर फॉर्माइल उरतो. कोटिंग सुटलं.

खरं तर हे कुणाला नवीन वाटायला नको होतं. फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, तेही दुय्यम अमाईन, आणि लॅक्टोज यांच्यातली ही प्रतिक्रिया १९९८ साली छापून आलेली आहे आणि त्यात एन-फॉर्माइलही आहे. दुय्यम अमाईनच्या गोळीत लॅक्टोज घालताना फॉर्म्युलेशनवाल्यांनी तो कागद वाचायला हवा होता, असं मी मीटिंगमध्ये बोलून गेले. वातावरण जरा तापलं. पण लॅक्टोज स्वस्त असतं, छान दाबलं जातं, आणि सवय ही सवय असते.

मास, तुकडे, वागणूक एवढं सगळं जुळलं तरी खरा पदार्थ हातात घेऊन दाखवल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. गोळ्यांतून तो काढायचा म्हटला तर एका गोळीत सुमारे ६० मायक्रोग्रॅम. एनएमआरला (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीला) लागणाऱ्या दहा मिलिग्रॅमसाठी दीडशेहून जास्त गोळ्या, तेही वाटेत एक कण न सांडता. त्यापेक्षा करणं सोपं. मोकळं केलेलं अमाईन इथाइल फॉर्मेटमध्ये रात्रभर रिफ्लक्स केलं (उकळत ठेवलं), द्रावक उडवला, थोडं शुद्ध केलं. जुन्या गोळीच्या द्रावणात हा पदार्थ मिसळून मारला, आधी पीएच ३ ला आणि मग पीएच १० ला. दोन्हीकडे तो आमच्या पिकावर बसला, पीक उंच झाला, रुंद झाला नाही. एकाच पद्धतीत जुळणं योगायोग असू शकतो, म्हणून दोन. २५ अंशांवर यालाही तोच खांदा.

एनएमआरचा कागद आला तेव्हा पुण्याच्या लॅबनं सोबत लिहून पाठवलं होतं, ‘नमुना शुद्ध दिसत नाही, सर्व सिग्नल दुहेरी आहेत.’ मला हसू आलं. एनएमआरच्या पट्टीवर आठ पीपीएमच्या जरा पुढे फॉर्माइलच्या हायड्रोजनचे दोन सिंगलेट, शेजारी शेजारी. एन-मिथाइलचेही दोन. अमाइडच्या दोन ठेवणी. त्यांना तोच नमुना डीएमएसओ या द्रावकात १०० अंशांपर्यंत तापवून पुन्हा घ्यायला सांगितला. तापवल्यावर जोड्या रुंद होऊन एकमेकींत मिसळू लागल्या.

उरली किंमत ठरवायची. आतापर्यंत ०.३१ हे औषधाचा प्रतिसाद धरून काढलेलं होतं. आता शुद्ध पदार्थ हातात आल्यावर त्याचा स्वतःचा प्रतिसाद मोजला, रिलेटिव्ह रिस्पॉन्स फॅक्टर (औषधाच्या तुलनेतला प्रतिसाद) ०.९२ आला. रेणू थोडा जड, प्रकाश शोषणारी बाजू तेवढीच, म्हणजे तितक्याच वजनात शोषण कमी, अपेक्षितच. दुरुस्त आकडा ०.३४.

०.३४ म्हणजे ०.५ च्या खाली. आता नाव कळलेलं आहे, तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये ‘एन-फॉर्माइल अशुद्धी, ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नाही’ अशी ओळ टाकली की नियमाला धरून सगळं बसतं, असा एक मतप्रवाह होता, आणि तो चूक म्हणता येत नाही. पण प्रवेगी चेंबरमध्ये पीव्हीसीच्या पट्टीत सहा महिन्यांत एवढं होत असेल तर दमट मुलखातल्या एखाद्या दुकानाच्या फळीवर दोन वर्षांत काय होईल याचा अंदाज मला सोयीचा वाटत नव्हता. आणि वाटेत ती ३२४ वाली जोडणीही आहेच, तिची मर्यादा कोण ठरवणार? मी लेखी मत दिलं की लॅक्टोज काढा. सरांनी आठवडाभर हिशोब केला. नवीन बॅचेस, नवी स्टॅबिलिटी, नोंदणीला उशीर, सगळं धरून. मॅनिटॉल की डायकॅल्शियम फॉस्फेट यावर फॉर्म्युलेशनवाल्यांशी दोन बैठका झाल्या. मॅनिटॉल क्षपणकारी (लॅक्टोजसारखी अमाईनला जोडली जाणारी) साखर नाही, पण त्यात तिचे अंश असू शकतात. शेवटी डायकॅल्शियम फॉस्फेट ठरलं आणि पट्टी अ‍ॅल्यु-अ‍ॅल्यु.

नव्या बॅचचे सहा महिने याच चेंबरमध्ये झाले. १.४२ ला पीक ०.०५ च्या खाली आहे. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजमध्येही क्षपणकारी टोकं थोडी असतातच, तेवढा तो राहणार. पद्धतीत कॉलमचं तापमान २५ ऐवजी ५० केलं, रिस्पॉन्स फॅक्टर घातला, आणि सिस्टिम सुटेबिलिटीच्या (यंत्रणा नीट चालते का ते पाहण्याच्या) द्रावणात आता फॉर्माइलचं स्टँडर्ड थोडंसं मिसळतो. पुरवठादाराला पाठवायचं पत्र क्यूएच्या फाइलमध्ये ‘रद्द’ असा शिक्का मारून ठेवलेलं आहे, कारण सांगताना अहवालाचा क्रमांक दिलेला आहे.